जुन्या टर्नटेबलचा टोनआर्म दुरुस्त करताना

चोर बाजारातून घेतलेल्या किंवा घरी माळ्यावर पडून राहिलेल्या टर्नटेबलचा (रेकॉर्ड प्लेअरचा) टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, मुंबईच्या खारट, दमट हवेत बहुधा बेअरिंग आणि विद्युत जोडण्या या दोन ठिकाणी बिघडलेला असतो. प्रथम अँटीस्केट (आर्म आतल्या बाजूस ओढला जाऊ नये म्हणून दिलेला ताण) शून्यावर ठेवावे, काउंटरवेट (आर्मच्या मागचे वजन) सरकवून आर्म हवेत आडवा तोलावा आणि त्यावर हलकी फुंकर मारावी. तो न अडखळता सरकला, तर बेअरिंग उघडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण चुकीच्या ताणाने पुन्हा बसवलेले बेअरिंग जुन्या मळापेक्षा अधिक नुकसान करते. एसएमई 3009 या टोनआर्मच्या काही आवृत्त्यांत सुरीच्या धारेसारख्या टेकूचा भाग नायलॉनचा असतो. तो चिरला असल्यास कांस्याचा बसवणे, ही माझ्या मते सर्वांत मोलाची सुधारणा होय.

हेडशेलच्या (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज, म्हणजे सुईचा संच, धरणाऱ्या भागाच्या) पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. तारा बदलताना पांढरी व निळी डाव्या, तर लाल व हिरवी उजव्या चॅनेलची असते, हे ध्यानात ठेवावे. सोल्डरिंगपूर्वी कार्ट्रिज काढून ठेवावे, कारण त्यातील केसासारख्या बारीक तारा उष्णतेने सहज निकामी होतात. शेवटी सुईचा भार काट्यावर मोजून कार्ट्रिजच्या उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत, म्हणजे अनेकदा 1.5 ते 2 ग्रॅमच्या आसपास, ठेवावा.