गंजलेल्या पत्र्यावर फिलर आणि सीम सीलर लावताय? या चुका टाळा

दसऱ्याला गाडीला हार घालायचा असतो, म्हणून गणपती उठले की पुण्यातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे रांग लागते. कुणाच्या दाराची खालची कड फुगलेली, कुणाच्या मडगार्डच्या कमानीला फोड आलेले, कुणाच्या डिकीत कुबट वास. मिस्त्री वाकून बघतो, नखाने रंगाचा एक पापुद्रा उचलतो आणि म्हणतो, "साहेब, घासून लांबी भरून देतो, कळणारसुद्धा नाही." (लांबी म्हणजे पत्र्याचे खड्डे भरायचा फिलर.) आणि खरंच कळत नाही. पुढच्या आषाढापर्यंत.

मग लोक लांबीला नावं ठेवतात, डब्याचा ब्रँड बदलतात, अजून महागडा वॉटरप्रूफ फिलर आणतात. पण गाडीचा गंज बहुतेक वेळा आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसतो तेव्हा मागची बाजू केव्हाच सडलेली असते. पुढून तुम्ही काहीही थापा, मागून पाणी येत राहिलं तर ते पाणी आता बंदिस्त जागेत बसणार आणि पत्रा निवांत खाणार. त्यामुळे खालच्या बऱ्याच चुकांचं मूळ एकच आहे: पत्र्याची मागची बाजू न बघता डबा उघडणे.

पाणी येतं कुठून, हे आधी शोधा

गुलमोहोराखाली किंवा पर्जन्यवृक्षाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्या मी नुसत्या लांबून ओळखतो. वायपरच्या खाली जी जाळी असते, तिच्यातून ती बारीक पानं आत जातात, धुळीबरोबर कुजतात आणि पाणी जायची वाट बुजवतात. मग पावसाचं पाणी तिथे साचून जोडातून थेट पायाशी, मॅटखाली उतरतं. वरची मॅट दुपारपर्यंत कोरडी वाटते, पण तिच्याखालचं नमद्याचं अस्तर तळहाताने दाबून बघा, बोटांमधून पाणी वर येतं. अस्तर उचललं की खाली तपकिरी पापुद्रे सुटलेले दिसतात. त्यावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवून जरा जोर द्यायचा. चांगला पत्रा टणक लागतो आणि टोक घसरतं. सडलेला पत्रा कुरकुर असा आवाज करतो आणि टोक सरळ आरपार जातं. ही तपासणी केल्याशिवाय फिलरच्या दुकानाकडे जाऊच नका.

दारांचंही तेच. काचेच्या रबरपट्टीतून दारात पाणी जाणारच, तशीच रचना असते. ते बाहेर पडायला खालच्या कडेला भोकं ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की दाराच्या तळात पाणी साठून राहतं. वरून एखादा हौशी कारागीर "पाणी गळतंय" म्हणून तीच भोकं सीलरने (पत्र्यांच्या जोडाची फट बुजवायच्या लवचीक मालाने) बंद करून टाकतो! हे मी इतक्या गाड्यांत पाहिलंय की आता हसूही येत नाही. सील करायचा असतो तो जोड. पाणी जायची भोकं उघडीच हवीत, उलट एखादी तार घालून ती साफ करायची.

नदीपात्रात उभी असताना जिच्या पायापर्यंत पाणी आलं, ती गाडी वेगळी. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पात्रातल्या रस्त्यावर राहून गेलेल्या गाड्यांत गाळाचं पाणी शिरतं. हा गाळ दाराखालच्या पोकळ पेट्यांत जाऊन बसतो आणि महिनोन्महिने ओल धरतो. आधी पेट्यांचे रबरी बूच काढून आतून पाण्याने धुवा आणि पूर्ण सुकवा. त्याआधी बाहेरून काहीही लावणं म्हणजे गाळ पॅक करून ठेवणं.

सडलेल्या भोकावर लांबी

फिलर आकार देण्यासाठी असतो. ताकद देणं हे त्याचं काम नाही. भोकामागे जाळी, पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राचा बोळा कोंबून वर लांबी ओढायची पद्धत आपल्याकडे सर्रास चालते. विशेषतः गाडी विकायची असेल किंवा १५ वर्षं झाली म्हणून फेरनोंदणीला न्यायची असेल तेव्हा. (जुनी गाडी घेणाऱ्याने खिशात फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक ठेवावं. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे.)

दारावरचं किंवा मडगार्डवरचं टाचणीएवढं छिद्र काचेच्या तंतूंच्या फिलरने झाकलं तर काही वर्षं निघतात. पण दाराखालच्या पेट्या, चासी, सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा, सीटबेल्टचा बोल्ट जिथे आवळलेला असतो तो पत्रा, इथे फिलरचा प्रश्नच येत नाही. सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि नवा तुकडा वेल्डिंगने बसवायचा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढा, आणि जवळपासचा जुना सीलर, अंडरकोटिंग खरवडून घ्या. ते पेटतं, आणि त्याचा धूर छातीत जाऊ देण्यासारखा नसतो.

"घासून चकचकीत केलं" म्हणजे गंज गेला?

तारेच्या ब्रशने फार जोरात घासलं की गंजाला झिलई येते. पत्रा काळपट चमकतो आणि वाटतं, झालं काम. भिंग घेऊन किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून बघा: बारीक खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके दिसतील. तोच जिवंत गंज. याच्या उलट टोकाची चूक म्हणजे ग्राइंडरला जाड डिस्क लावून तुटून पडणे. गाडीचा बाहेरचा पत्रा जेमतेम ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो. दोन मिनिटांत तो कागदासारखा होतो, शिवाय उष्णतेने लाटा येतात त्या वेगळ्या. फ्लॅप डिस्क (पॉलिशपेपरच्या पट्ट्या लावलेली चकती) हलक्या हाताने, जागा बदलत फिरवा. खड्डे उरलेच तर तिथे रस्ट कन्व्हर्टर.

कन्व्हर्टरबद्दल गैरसमज बरेच आहेत. त्यात टॅनिक किंवा फॉस्फरिक आम्ल असतं, ते उरल्यासुरल्या गंजाशी संयोग पावून काळा, स्थिर थर बनवतं. पापुद्रे सुटलेल्या जाड गंजावर ओतलं तर फक्त वरचा थर काळा होतो, खालचा तसाच राहतो. फॉस्फरिकवाला प्रकार वापरलात तर डब्यावर सांगितल्याप्रमाणे धुऊन, पुसून, पूर्ण वाळवूनच पुढे जा. आम्लाचा अंश राहिला तर वरचा इपॉक्सी प्रायमर (रंगाआधी पत्र्यावर द्यायचा पक्का थर) नीट पकडत नाही, आणि महिन्याभराने सगळा थर चादरीसारखा सुटून येतो. बाकी रेड ऑक्साइड, म्हणजे तो तांबडा प्रायमर, गेटला, ग्रिलला ठीक आहे. गाडीच्या पत्र्यावर फिलरच्या खाली मी तो कधीच लावू देणार नाही.

कुठल्या डब्यात काय असतं

नाना पेठेत दुकानाच्या काउंटरवर "लांबी द्या" म्हटलं की बहुधा साधी पॉलिस्टर पुट्टी हातात पडते. तिच्यात टाल्कची पूड असते. घासायला मऊ, फिनिशला छान, पण ती ओल शोषते. गंजाच्या दुरुस्तीत थेट पत्र्यावर तीच भरली, वर रंगाला जरा चीर पडली, की पाणी आत मुरून पुन्हा पत्र्यापर्यंत पोचतं. वॉटरप्रूफ म्हणून जे विकलं जातं ते साधारणपणे काचेच्या तंतूंचं किंवा ॲल्युमिनियमची भुकटी असलेलं फिलर. ते घासायला कठीण, हात भरून येतो. म्हणून कामाचा क्रम असा: साफ पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर तंतूंच्या फिलरचा थर, आणि शेवटी वरून अगदी पातळ हात साध्या पुट्टीचा. काही जण आधी फिलर आणि मग प्रायमर करतात, तेही चालतं. पण जिथे एकदा गंज आला आहे तिथे मी पत्रा उघडा ठेवून काही भरायच्या विरोधात आहे.

थर ३ मिलिमीटरच्या वर जात असेल तर थांबा आणि मागून पत्रा ठोकून वर काढा.

हार्डनर, म्हणजे फिलर कडक व्हावा म्हणून त्यात कालवायची पेस्ट, अंदाजपंचे घालू नका. पॉलिस्टर फिलरला वजनाच्या साधारण २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम मालाला २ ग्रॅम. एप्रिलच्या उन्हात माल मिसळता मिसळता कडक होतो म्हणून हार्डनर कमी करतात, आणि डिसेंबरच्या सकाळी लवकर वाळावं म्हणून दुप्पट पिळतात. कमी पडला तर माल चिकटच राहतो. जास्त झाला तर रंगातून पिवळसर डाग वर येतात. हवा बदलली तर हार्डनरशी खेळण्यापेक्षा थोडा थोडा माल कालवा. आणि कालवताना फेटू नका, पट्टीने दाबत मिसळा. फेटल्यावर हवा अडकते आणि घासताना सुईच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात.

अजून एक जुनी खोड: पाणी मारून पाणीपेपरने लांबी घासणे. रंगाला पाणीपेपर योग्यच आहे. उघड्या पुट्टीला नाही. कोरडंच घासा, ८० नंबरपासून सुरू करून १८० आणि मग ३२०, आणि तोंडाला चांगला मास्क लावा. रुमाल पुरत नाही.

सीम सीलर: जिथे सगळ्यात जास्त घोळ होतो

दोन पत्रे एकमेकांवर येऊन जिथे स्पॉट वेल्डने (ठिपक्याठिपक्यांच्या वेल्डिंगने) जोडलेले असतात, त्या फटीत पाणी जाऊ नये म्हणून सीलर. फिलर कडक असतो, सीलर लवचीक. गाडी सिंहगड रस्त्याच्या खड्ड्यांतून जाते तेव्हा हे जोड हलतात, त्यामुळे जोडावर फिलर ओढला तर तडा ठरलेला. तरीही जोड "गुळगुळीत दिसावा" म्हणून लांबीने बुजवणारे आहेत.

दुसरी चूक याहून वाईट: घरात उरलेली बाथरूमच्या सिलिकॉनची नळी. नळी दाबल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ना? ते ॲसेटिक आम्ल आहे. वाळताना ते बाहेर पडतं आणि उघड्या पत्र्याला गंज लावतं. वर सिलिकॉनवर रंग धरत नाही, आणि त्याचा अंश आजूबाजूला पसरला तर शेजारच्या रंगालाही माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. एकदा लागलेलं सिलिकॉन पूर्ण काढणं हा शुद्ध छळ आहे. पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमरचा, गाडीच्या पत्र्यासाठीचा म्हणून लिहिलेला सीलर घ्या.

तो लावायचा प्रायमरवर. काही सीलर थेट धातूवर चालतात, तसं नळीवर लिहिलेलं असतं. लिहिलं नसेल तर चालत नाही असं धरा. नुसती रेघ ओढून सोडली तर ती जोडावर पूल बांधते आणि खाली पोकळी राहते. आखूड केसांच्या ब्रशने किंवा हातमोज्यातल्या बोटाने ती फटीत दाबून बसवावी लागते. वरचा थर अर्ध्या-एक तासात सुकल्यासारखा लागतो. आतून वाळायला मात्र वेळ जातो, साधारण दिवसाला २ ते ४ मिलिमीटर. घाईने रंग मारला तर सुरकुत्या पडतात. आणि रंग मारलाच नाही तर पॉलियुरेथेन उन्हाने पांढुरका, ठिसूळ होत जातो. म्हणजे रंग हवाच, फक्त दुसऱ्या दिवशी.

जोडाच्या आतच गंज असेल तर? दोन पत्र्यांच्या मधून तपकिरी ओघळ येत असेल तर वरून सीलर लावून तो लपतो, थांबत नाही. नीट काम म्हणजे स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवून पत्रे वेगळे करणं, साफ करणं, प्रायमर मारून पुन्हा जोडणं. तेवढा खर्च झेपत नसेल तर निदान जोड हीट गनने पूर्ण सुकवा, पातळ कन्व्हर्टर फटीत झिरपू द्या, पुन्हा सुकवा आणि मग सील करा. याला मलमपट्टी समजा. मालकाला तसं स्पष्ट सांगणारा मिस्त्री मिळाला तर त्याला सोडू नका.

काम कधी काढायचं

जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात सकाळची आर्द्रता बऱ्याचदा ८० टक्क्यांच्या वर असते. घासलेला पत्रा चहा पिऊन येईपर्यंत तांबूस व्हायला लागतो. तेव्हा दसऱ्याच्या मुहूर्तासाठी भर पावसात पत्रा उघडा करणं हा मला तरी हट्टच वाटतो. पावसाळ्यात फक्त गळती थांबवा, गाडी आतून कोरडी ठेवा. मोठं काम दिवाळीनंतर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये. डिसेंबर-जानेवारीतही जमतं, पण पहाटे पत्र्यावर दव असतं आणि रात्रीच्या थंडीत इपॉक्सी रेंगाळतो, म्हणून ऊन चढल्यावर सुरू करून चारच्या आत उरकायचं. घासल्या दिवशीच प्रायमर, हा एक नियम मात्र कुठल्याही ऋतूत मोडू नका.

काम आधीच झालंय आणि बिनसलंय?

दुरुस्तीच्या मधोमध फोड आला तर पाणी मागून येतंय, पुन्हा पहिल्या मुद्द्यावर जा. फिलरची कड रंगाखालून रेघेसारखी दिसायला लागली तर तो जुन्या रंगावर ओढला होता. कडेपासून चार बोटं लांबपर्यंत रंग काढून पुन्हा करावं लागेल. सीलर एका बाजूने सुटला तर खाली धूळ किंवा तेल होतं. त्यावर नवा थर देऊ नका, पूर्ण खरवडा.

सगळं वाळल्यावर पोकळ पेट्यांत आणि दारांच्या तळात कॅव्हिटी वॅक्स (पोकळ जागेत फवारायचं गंजरोधक मेण) मारून घ्या. लांब नळीचा स्प्रे मिळतो, मागच्या बाजूला रंग पोचत नाही तिथेही तो पोचतो. फवारल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवा, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरा, कारण तो ठिबकतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी जायची सगळी भोकं तारेने पुन्हा मोकळी करा; वॅक्स पहिल्यांदा तिथेच जाऊन बसतो.