मांजरीला माशाची साल द्यायची असेल तर आधी खवली काढायला शिका

आमच्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार मासे असतात आणि पिशवीचा आवाज आला की ठमी ओट्याच्या कडेला येऊन बसते, बंड्या माझ्या पायात घुटमळतो. पंधरा वर्षं झाली घरात मांजरं आहेत, आधीची चिंगी म्हातारपणी गेली, ही दोघं आताची, आणि तिघांनीही माशाची साल आवडीने खाल्लीय. त्यामुळे कोणी विचारलं की साल चालते का हो मांजरीला, तर मी चालते असंच सांगते. पण कशी द्यायची ते सांगायला लागले की समोरचा ऐकत नाही, कारण त्याला आधीच कोणीतरी सांगितलेलं असतं की मांजरच ती, काटेबिटे बरोबर बाजूला काढते. दुसरा सांगतो कच्चीच द्या, त्यात ताकद असते. तिसरा तळलेल्या तुकडीची साल ताटातूनच खाली टाकतो. हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि पहिला मी स्वतः पाळलाय म्हणून जास्त ठामपणे सांगते.

साल कुठली घ्यायची

रावसाची. साल जाड असते, बोनलेस करताना अख्खी निघते आणि हाताळायला सोपी जाते. मी मुंबईत सिटीलाईटच्या मार्केटमधून घेते, आमच्या मासेवाल्या मावशींना एकदा सांगून ठेवलंय की बोनलेस केलंत तर साल टाकू नका, वेगळी बांधून द्या, आता न सांगता देतात. पापलेटची साल पातळ असते, ती वेगळी काढत बसू नका, शिजवलेल्या मासासकट थोडी द्या. सुरमईच्या सालीला खवल्यांचा त्रास जवळजवळ नाहीच, पण सुरमई दुसरे मासे खाऊन मोठी होते त्यामुळे तिच्यात पारा जास्त साठतो, म्हणून ती मी महिन्यातून एखाद्या वेळीच देते. बांगडा चालतो, फक्त तेलकट असतो, रोज रोज तेलकट मासाच खाणाऱ्या मांजरींना ई व्हिटॅमिन कमी पडून अंगातल्या चरबीला सूज येते, हात लावला तरी दुखतं त्यांना, तेव्हा बांगडा कधीतरीच.

मुशीची साल अजिबात नको. उलटा हात फिरवून बघा, पॉलिश पेपरसारखी लागते, आणि पाऱ्याचं म्हणाल तर मुशी सुरमईच्या वरची. केंड मासा, तो फुगणारा, बाजारात कोणी विकत नाही पण किनाऱ्यावर जाळ्यातून काढून टाकलेला दिसतो, त्याच्या सालीतही विष असतं आणि ते शिजवून जात नाही, तेव्हा फुकट मिळाला म्हणून घरी आणू नका. सुके बोंबील, सुकट, खारा बांगडा यांत मीठच मीठ असतं, ते मांजरीचं खाणं नाहीच.

मासा ताजा लागतो हे मी सांगायला नको, पण एक गोष्ट लोकांना माहीत नसते म्हणून सांगते. बांगडा, सुरमई, कुपा म्हणजे ट्यूना, हे मासे बर्फाबाहेर राहिले की त्यात हिस्टामिन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं आणि एकदा झालं की तुम्ही कितीही उकळा, ते जात नाही. म्हणजे 'वास येतोय थोडा, आपण नको खाऊया, मांजरीला शिजवून घालू' हे जे घरोघरी चालतं ते बंद करा. आपल्याला नको वाटलेला मासा तिलाही नकोच. मुंबईच्या दमट हवेत मी मार्केटमधून निघताना पिशवीत बर्फ टाकून घेते आणि मध्ये कुठेही न थांबता घरी येते. 1 जूनपासून मासेमारी बंद होते, तेव्हा बाजारात येतो तो बराचसा लांबून आलेला बर्फातला माल, त्या दिवसांत मी साल आणतच नाही.

खवली आणि पराचे काटे

आता खरं काम. बाकी सगळं कोणीही करेल, इथे मात्र चूक होते.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. तांबोशी आणली होती, मावशींनी खवली काढूनच दिलेली, मी घरी परत एकदा सुरीने खरवडली, धुतली, उकडली आणि चिंगीला दिली. खाल्लं तिने नीट. अर्ध्या तासाने बघते तर पुढच्या पायाने तोंड ओरबाडतेय, लाळ गळतेय, मग जी पलंगाखाली जाऊन बसली ती बाहेर येईना. मला वाटलं केसांचा गोळा अडकला असेल. तोंड उघडून दोनदा बघितलं, काही दिसलं नाही. रात्रभर पाणीसुद्धा प्यायली नाही. सकाळी डॉक्टरांकडे नेली, त्यांनी टॉर्च मारला, चिमटा घातला आणि टाळूवरून एक खवलं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. करंगळीच्या नखाएवढं, पूर्ण पारदर्शक, टाळूला कॉन्टॅक्ट लेन्ससारखं चिकटलेलं, कड आत रुतून लाल रेघ उठलेली. ओलं खवलं दिसतच नाही हो. मला तोंडात दिसलं नव्हतं तसंच धुताना सालीवरही दिसलं नव्हतं. आणि मांजर काटे बाजूला काढते म्हणतात, तिला हे कुठून कळणार होतं?

त्या दिवसानंतर मी बराच काळ साल देणंच बंद केलं. मग परत सुरू केलं तेव्हा पद्धत बसवायला चार-पाच वेळा लागल्या. आता अशी करते.

साल स्टीलच्या ताटाच्या पाठीवर पसरायची, खवल्यांची बाजू वर. प्लास्टिकच्या बोर्डावर नको, त्याच्या चिरांमध्ये खवली बसतात आणि परत सालीला लागतात. जेवणाच्या चमच्याची कड घ्यायची, सुरी नको, सुरीने साल फाटते आणि फाटली की खवलं आत दुमडून राहतं. शेपटीकडून डोक्याकडे खरवडायचं. खवलं एका बाजूने सालीत रोवलेलं असतं, उलट दिशेने गेलं तरच ते उचकटतं, सुलट गेलात तर नुसतं चपटं होऊन बसेल आणि तुम्हाला वाटेल निघालं.

हे झालं की बहुतेक लोक थांबतात, मीही थांबले होते. इथे थांबू नका. साल चाळणीत ठेवा आणि वरून खळखळ उकळतं पाणी ओता, लगेच थंड पाण्यात टाका. साल आखडते आणि उरलेली खवली उभी राहतात, मघाशी जी दिसत नव्हती ती आता कडेने पांढरट दिसायला लागतात. आता परत चमचा फिरवा. मी शप्पथ सांगते, पहिल्या वेळी स्वच्छ केलेल्या सालीतून या दुसऱ्या वेळी मला दरवेळी सहा-सात तरी खवली मिळतात, जास्त करून पोटाकडच्या भागात आणि परांच्या आजूबाजूला, जिथे ती बारीक असतात आणि चमचा नीट पोचत नाही.

मग नळाखाली धरून अंगठा उलटा फिरवायचा, इंच इंच. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, बोटावर ठेवा. कुठेही खरखर लागली की थांबा. माझ्या भाचीला शिकवताना तिला डोळे मिटूनच करायला लावलं, तिचं माझ्यापेक्षा चांगलं होतं आता.

आता पर. मावशी वरचा पर कोयत्याने उडवतात पण त्याची मुळं आत राहतात. पराच्या खाली सालीला लागून सुईसारखे काटे एका ओळीत असतात, बोनलेस काढताना ते कधी मासात जातात कधी सालीबरोबर येतात. एकेक उपटत बसू नका, एखादा तुटून अर्धा आत राहतो. सरळ पाठीच्या आणि पोटाच्या कडेची दोन बोटं रुंद पट्टी कापून फेकून द्या. साल फुकट जाते असं वाटतं, जाऊ द्या. शेपटीकडचा टोकाचा भागपण द्या टाकून.

शिजवायची कशी

नुसत्या पाण्यात, उकळी आल्यावर सात-आठ मिनिटं. मीठ नाही, हळद नाही, आलं-लसूण तर अजिबात नाही. कांदा आणि लसूण मांजरीच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, कच्चा असो, शिजलेला असो की पावडर असो, आणि त्रास लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, तोवर तुम्ही काय घातलं होतं ते विसरलेले असता. म्हणून आपल्यासाठी मॅरिनेट करून ठेवलेल्या मासाची साल धुऊनसुद्धा देऊ नका. मावशींकडून आली की मांजरीचं आधी बाजूला काढा, मग मसाल्याला हात लावा. तळलेली साल म्हणजे तेल आणि मसाला, ठमीचं एकदा पाहुण्यांच्या लाडाने पोट बिघडलं होतं, तीन दिवस निस्तरत होते.

कच्चं का नको ते पण सांगते, कारण यावर वाद घालणारे फार. साल्मोनेलासारखे जंतू आणि कृमी हे तर आहेतच, पण तारलीसारख्या आणि कार्प जातीच्या बऱ्याच कच्च्या माशांत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी वन व्हिटॅमिन मोडून टाकतं. असं खाणं नेहमी चाललं तर मांजर जेवायची बंद होते, चालताना झोकांड्या जातात, मान खाली वाकते, पुढे झटके येतात. शिजवलं की ते एन्झाइम मरतं. मग कच्चं द्यायचा हट्ट कशाला?

कापायचं किती लहान

करंगळीच्या नखाएवढं. हा माझा दुसरा हट्ट. उकडलेली साल बुळबुळीत आणि रबरासारखी होते, लांब पट्टी दिलीत तर मांजर चावत नाही, ओढून गिळते. तिच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेली पट्टी तिला सहज थुंकताही येत नाही, ती आतच सरकत जाते. बंड्या हावरट आहे, लहान असताना त्याने अशी वीतभर पट्टी गिळली, अर्धी घशात अर्धी बाहेर, डोळे मोठे झालेले, मग ओकून पडली म्हणून निभावलं. तेव्हापासून आधी कात्रीने उभ्या पट्ट्या, मग आडव्या, आणि परत एकदा बोटांत चुरून बघते की काही टोचतंय का. थंड झाल्यावरच द्यायची.

किती द्यायची

चार किलोच्या घरातल्या मांजरीला दिवसाला साधारण 200 ते 250 कॅलरी लागतात आणि वरच्या खाऊतून त्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त जायला नको. म्हणजे 20-25 कॅलरी. सालीत चरबी असते, म्हणून मी एक चमचाभर तुकडे देते, आठवड्यातून एकदा, कॅटफूडवर घालून. साल हे जेवण नव्हे, नुसत्या माशावर मांजर ठेवता येत नाही.

पहिल्यांदा देताना एकच तुकडा द्या आणि दोन दिवस थांबा. माशाची ॲलर्जी मांजरींमध्ये बऱ्यापैकी असते, मान आणि कानाजवळ खाजवत सुटतात किंवा उलट्या करतात. किडनीचा किंवा लघवीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. अगदी छोट्या पिल्लांना नकोच.

लाळ गळणं, तोंड ओरबाडणं, ओकारीचे उमाळे येऊन काहीच न पडणं, यातलं काही दिसलं तर माझ्यासारखी सकाळची वाट बघू नका. घशात बोट घालून काढायला जाऊ नका, आत ढकललं जातं. उचला आणि डॉक्टरांकडे न्या. आणि काहीच लक्षण नसलं तरी मांजर पूर्ण एक दिवस जेवली नाही तर तेवढ्यावरसुद्धा न्या, उपाशी मांजरीच्या लिव्हरवर चरबी चढते आणि ते जिवावर बेततं.

उरलेलं

शिजवलेले तुकडे छोट्या डबीत भरून फ्रीजरमध्ये, दोन-तीन आठवडे राहतात, श्रावणात आपल्याकडे मासे बंद असले तरी तिचं चालू राहतं. गरम पाण्यात डबी ठेवून सोडवा, मायक्रोवेव्हमध्ये साल फटकन उडते. उकडलेलं पाणी टाकू नका, गार करून दोन चमचे कॅटफूडवर ओता, उन्हाळ्यात पाणी कमी पिणारी मांजर त्यामुळे पाणी घेते.

खवली, कापलेल्या पट्ट्या आणि काटे मात्र ओट्याखालच्या डब्यात टाकू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीला गाठ मारून त्याच मिनिटाला खाली नेऊन टाका. तुम्ही तासभर खपून जे काढलंत ते सगळं त्या डब्यात असतं आणि आमची ठमी झाकण उघडायला दोन महिन्यांत शिकली होती.