‘पाच वर्षांचा राजा’ हे उत्तर कसं सुधारायचं

स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी लिहितंच: ‘राष्ट्रपती म्हणजे पाच वर्षांसाठी निवडलेला राजा.’ मी यावर शून्य देत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनीही म्हटलं होतं, की इंग्लंडच्या घटनेत राजाचं जे स्थान, तेच आपल्या राष्ट्रपतीचं. पण ‘मग फरक काय?’ विचारलं की पोरं गप्प. त्यासाठी गाइड मिटा, राज्यघटनेची प्रत आणि पेन्सिल घ्या.

कलम ५४ आणि ५५ नुसती वाचू नका, गणित करा. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. भागिले २८८ आमदार, परत भागिले १०००. आले १७५. राष्ट्रपती निवडणुकीत आपल्या एका आमदाराच्या मताचं हे मूल्य. तिकडे असलं गणितच नाही. ८ सप्टेंबर २०२२ ला एलिझाबेथ राणी गेल्या आणि चार्ल्स त्याच क्षणी राजे झाले. पुढच्या मे महिन्यातला राज्याभिषेक हा नुसता सोहळा.

आता कलम ७४. इथे पेन्सिल जोरात दाबा. मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालायचं, हे १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिलं. दोन वर्षांनी ४४ व्या दुरुस्तीने एक फट ठेवली: सल्ला एकदा फेरविचाराला परत पाठवता येतो. दुसऱ्यांदा तोच आला तर मानायचा. राजाही मंत्र्यांच्या सल्ल्यानेच चालतो, पण ते प्रथेने. बोट ठेवायला कलम सापडत नाही.

खरी गंमत कलम १११ मध्ये आहे, म्हणजे विधेयकाला राष्ट्रपतींनी संमती देण्याच्या कलमात. २००६ साली लाभाच्या पदाचं विधेयक कलामांनी परत पाठवलं, संसदेने जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं, मग त्यांनी सही केली. झैलसिंगांनी १९८६ चं टपाल विधेयक ना परत पाठवलं ना सही केली, तसंच ठेवून दिलं. कारण संमती द्यायला कलमात मुदतच नाही. ब्रिटनमध्ये संमती नाकारल्याची शेवटची वेळ १७०८, राणी अ‍ॅन. म्हणून ‘राजाला नकाराधिकार नाही’ असं लिहू नका, गुण जातील. कायद्याने आहे, तीनशे वर्षांत वापरलेला नाही. आणि हो, घटनादुरुस्ती विधेयक आपल्या राष्ट्रपतीला परत पाठवता येत नाही. १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीने ती वाट बंद केली. हे हमखास सुटतं.

महाभियोगाचं ६१ वं कलम बहुतेकांना पाठ असतं, ते सोडा. त्याऐवजी ५६ नीट वाचा. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, राजाला कंटाळा आला तर?’ आठव्या एडवर्डने १९३६ मध्ये गादी सोडली, तेव्हा संसदेला त्यासाठी खास कायदा करावा लागला. आपल्या राष्ट्रपतीला राजीनाम्यासाठी उपराष्ट्रपतींच्या नावे सहीचं एक पत्र पुरतं.