जिलेटीन कागदाचा देवमासा कसा बघावा

पैठणच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो. गॅदरिंग आलं की फोकसच्या दिव्यांवर लाल, निळा, पिवळा जिलेटीन कागद बांधायचं काम दर वर्षी माझ्याकडं. म्हणून नोबुरो ओफुजी यांची 'कुजिरा' पहिल्यांदा बघितली तेव्हा मी हरखून गेलो. कुजिरा म्हणजे देवमासा. १९५२ सालची आठ-नऊ मिनिटांची जपानी ॲनिमेशन फिल्म, आणि तिच्यातला समुद्र, आभाळ, लाटा, सगळं त्याच कागदाचं! पारदर्शक रंगीत कागद कापायचे, काचांच्या थरांवर मांडायचे, खालून उजेड सोडायचा, कागद किंचित सरकवायचा आणि वरून कॅमेऱ्यानं एकेक फ्रेम टिपायची. माणसं काळ्या सावल्यांसारखी. वादळात जहाज फुटतं, वाचलेले पुरुष एका बाईपायी आपसांत भांडतात, आणि देवमासा येतो.

बघायची ती दिवेलागण झाल्यावर. खोलीतला दिवा बंद, मोबाईलचा ब्राइटनेस पूर्ण. दिवसा काचेवर खिडकी दिसते आणि जांभळ्या रंगामागचा निळा पार मरतो. जुन्या फिल्मची चौकट जवळजवळ चौकोनी असते, त्यामुळं दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. येऊ द्या. पोरं दोन बोटांनी चित्र ताणून पडदा भरतात, आणि वरचं आभाळ न् खालचं पाणी कापलं जातं. टीव्हीवर लावणार असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा. हातानं सरकवलेल्या कागदाला एक अडखळ असते. ती पुसली की त्या माणसाचा हात पुसला.

पहिल्यांदा बघताना मध्ये थांबवू नका आणि कुणाला काही समजावू नका. ही चूक मी केली आहे. सातवीच्या पोरांना दाखवताना मी प्रत्येक प्रसंगाला अर्थ सांगत बसलो आणि पोरं पडद्याऐवजी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. दुसऱ्या वर्गात गप्प बसलो. फिल्म संपल्यावर एकानं विचारलं, "सर, ह्यो मासा आपल्या नाथसागरात राहतो का?" त्यानं समुद्र बघितलेला नव्हता. धरणाचं पाणी मात्र रोज बघत होता, आणि त्या पाण्याखाली काय असेल याची भीती त्याच्या मनात आधीपासूनच असणार. अशी फिल्म कळायला अजून काय लागतं? स्वप्नात आपण कुठं विचारतो, हे असं का म्हणून? तसंच इथं बसावं.

दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा, आणि फक्त पाणी बघा. एकावर एक कागद पडला की रंग गडद होतो. एक थर म्हणजे उथळ पाणी, तीन थर म्हणजे डोह. ओफुजींनी खोली रेघेनं दाखवली नाही, उजेड अडवून दाखवली. देवमाशाची हीच कथा त्यांनी १९२७ साली एकदा काळ्या-पांढऱ्या सावल्यांत केली होती. पंचवीस वर्षांनी तीच पुन्हा रंगात केली, आणि १९५३ साली ती फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात दाखवली गेली. एका कथेपाशी माणूस इतकी वर्षं परत येतो, ही गोष्ट मी पोरांना मुद्दाम सांगतो.

याहून जुनं बघायचं असेल तर १९१७ सालची 'नामाकुरा गाताना' आहे, जुनइची कोउची यांची. एक भोळा सामुराई बोथट तलवार विकत घेतो आणि ती रस्त्यावरच्या माणसांवर चालवून बघायला जाऊन स्वतःच मार खातो. तिची प्रत ओसाकाच्या जुन्या बाजारात सापडली. २०१७ साली जपानी ॲनिमेशनला शंभर वर्षं झाली तेव्हा टोकियोच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहानं अशा जुन्या फिल्म वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुल्या केल्या. मूकपट मात्र गप्प बसून बघू नका. जपानात त्या वेळी पडद्याशेजारी बेन्शी उभा राहून गोष्ट सांगायचा, सगळ्या पात्रांचे आवाज काढायचा. आपला चित्रकथी तरी काय वेगळं करायचा? पैठण शैलीचं एकेक चित्र पुढं धरून रामायण गाऊन सांगायचा. म्हणून एका पोराला उभं करा आणि सामुराईला आपल्या बोलीत बोलायला लावा.

तिसऱ्यांदा 'कुजिरा' बघण्याआधी पाच सेकंदांचं स्वतः करून बघा. फोटोफ्रेमच्या दोन काचा घ्या, कडांना चिकटपट्टी लावा. विटांवर चार बोटांच्या अंतरानं एकावर एक ठेवा. खालच्या काचेखाली बटर पेपर आणि त्याच्याखाली एलईडी बल्ब. खालच्या काचेवर निळं जिलेटीन, वरच्या काचेवर काळ्या कार्डशीटची होडी. मोबाईल स्टुलाला उलटा बांधा, होडी तांदळाच्या दाण्याएवढी सरकवा आणि फोटो काढा. सेकंदाला बारा धरले तर साठ फोटो. जुना पिवळा बल्ब लावू नका, त्याच्या उष्णतेनं जिलेटीन वळतं. उन्हाळ्यात घामाच्या हातालाही चिकटतं, म्हणून शेजारी टाल्कम पावडरचा डबा ठेवा.