झेन सोर्सवरून बिल्ड करून बूट करताना या चुका टाळा

झेन हायपरव्हायजर (एकाच मशीनवर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम चालवणारा थर) कंपाइल झाला, 'मेक इन्स्टॉल' बिनतक्रार पार पडलं, मशीन रीबूट झालं, लॉगिनही आलं. आणि झेन सांभाळणाऱ्या 'एक्सएल' टूलची 'एक्सएल लिस्ट' ही कमांड चालवल्यावर एरर: प्रिव्हिलेज्ड कमांड इंटरफेसचं हँडल मिळत नाही. इथे अनेक जण सगळं पुसून पुन्हा कंपाइल करायला बसतात. कृपा करून तसं करू नका. बहुतेक वेळा बिल्ड ठीक असतं, मशीन फक्त झेनशिवाय साध्या लिनक्सवर बूट झालेलं असतं.

ग्रब या बूटलोडरमध्ये साध्या लिनक्सच्या एन्ट्री बनवणाऱ्या स्क्रिप्टचा क्रमांक 10, तर झेनच्या स्क्रिप्टचा 20. त्यामुळे झेनची एन्ट्री मेनूत खाली जाते आणि डिफॉल्ट मान साध्या लिनक्सकडेच राहतो. 'अपडेट-ग्रब' चालवायचं राहिलं असेल तर एन्ट्रीच दिसणार नाही. ते चालवूनही दिसत नसेल तर बूट डिरेक्टरीत कर्नलची कॉन्फिग फाइल आहे का ते बघा. झेनची ग्रब स्क्रिप्ट त्या फाइलमध्ये डॉम झिरोचा (झेनवर सगळ्यात आधी चालणाऱ्या, बाकीच्या व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या मुख्य लिनक्सचा) पर्याय चालू आहे का ते तपासते आणि नसेल तर तो कर्नल सरळ वगळते. कर्नल स्वतः बिल्ड करून नुसती इमेज कॉपी करणारे नेमके इथेच अडकतात. डॉम झिरोसाठी वेगळे पॅच शोधत बसायचं कारण मात्र नाही, तो आधार लिनक्स 3.0 पासून, म्हणजे 2011 पासून, मूळ कर्नलमध्येच आहे.

मशीन दूर असेल तर झेनला एकदम डिफॉल्ट करू नका. ग्रबचा डिफॉल्ट 'सेव्ह्ड' ठेवा आणि 'ग्रब-रीबूट'ने झेनची एन्ट्री फक्त पुढच्या एका बूटसाठी निवडा. बूट फसलं तरी पॉवर बंद-चालू केल्यावर जुना लिनक्स परत येतो.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. बूट अर्ध्यात मेलं तर आधी ठरवा, मेलं कोण: झेन की डॉम झिरोचा कर्नल? झेन स्वतः कोसळला तर 'पॅनिक ऑन सीपीयू 0' असा मेसेज येतो आणि पाच सेकंदांत मशीन रीबूट होतं. तेवढ्यात काही वाचून होत नाही. झेनच्या कमांड लाइनवर 'नोरीबूट' द्या आणि शक्य असेल तर सीरियल कन्सोल (केबलने दुसऱ्या मशीनवर मेसेज दाखवणारा) जोडा. याला पर्याय नाही असंच माझं मत आहे. स्क्रीनचा फोटो काढून शेवटच्या वीस ओळी मिळतात, आणि खरं कारण बरेचदा त्याच्या वर असतं.

'झेन व्हीजीए कन्सोल सोडतोय' अशा अर्थाची ओळ येऊन स्क्रीन काळा पडला, तर झेनचं काम झालेलं असतं. पुढची जबाबदारी डॉम झिरोच्या कर्नलची. त्याचे मेसेज दिसत नसतील तर त्याला कन्सोल म्हणून 'एचव्हीसी 0' (झेनचा व्हर्च्युअल कन्सोल) दिलाय का ते पाहा. रूट फाइलसिस्टिम माउंट होत नाही असं तो सांगत असेल तर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी तात्पुरती फाइलसिस्टिम) तपासा, बहुधा डिस्कचा ड्रायव्हर त्यात आलेला नसतो.

पॅरामीटर चुकीच्या ओळीत टाकणं ही फार फसवी चूक आहे, कारण एरर येतच नाही. ग्रबच्या सेटिंगमध्ये झेनची ओळ वेगळी, लिनक्सची वेगळी. डॉम झिरोला किती मेमरी द्यायची ते सांगणारं 'डॉम0_मेम' लिनक्सच्या ओळीत लिहिलं तर झेनला त्याचा पत्ताच लागत नाही आणि डॉम झिरो जवळपास सगळी मेमरी घेऊन बसतो. 'एक्सएल इन्फो'मध्ये झेनची कमांड लाइन छापलेली असते, तिथे एकदा नजर टाका.

कंपाइल मध्येच थांबण्याची कारणं त्या मानाने साधी असतात. झेनची जुनी आवृत्ती नव्या जीसीसी कंपायलरने बिल्ड केली की नवी वॉर्निंग येते, आणि झेनच्या बिल्डमध्ये वॉर्निंग म्हणजे एररच. वॉर्निंग बंद करण्यापेक्षा त्या आवृत्तीची स्टेबल ब्रँच घ्या, दुरुस्ती बहुधा तिथे आलेली असते. बिल्ड चालू असताना क्यूईएमयू या एम्युलेटरसारखे भाग नेटवरून उतरवले जातात, हेही ध्यानात असू द्या.

बूट नीट झालं, पण 'एक्सएल'ला लायब्ररी सापडत नाही? टूल्स डिफॉल्टने यूएसआर-लोकलमध्ये जातात, म्हणून लायब्ररींची नोंद ताजी करणारं 'एलडीकॉन्फिग' चालवा. लायब्ररी सापडूनही हट्टाने परवानगी नाकारली जात असेल, तर टूल्स नव्या आवृत्तीची आणि बूट झालेला झेन जुना, असं झालंय का ते बघा. या दोघांमधला इंटरफेस आवृत्तीगणिक बदलतो. डिस्ट्रोचं झेन पॅकेज आधी काढून टाकलं तर हा घोळ मुळातच होत नाही.

आणि डॉम झिरोमध्ये 'सीपीयूइन्फो'त व्हीएमएक्स (इंटेल प्रोसेसरमधल्या व्हीटी-एक्स या व्हर्च्युअलायझेशन सुविधेचा फ्लॅग) दिसला नाही म्हणून बायोसमध्ये शिरू नका. झेन तो फ्लॅग डॉम झिरोपासून लपवतो. व्हीटी-एक्स खरंच चालू आहे का, हे 'एक्सएल इन्फो'मधल्या 'व्हर्ट_कॅप्स' या ओळीत 'एचव्हीएम' आहे का त्यावरून कळतं.