पवनचक्की बसवताय? निदान या चुका तरी टाळा

मिरगाचा पाऊस पडला की मला फोन सुरू होतात. कधी जांबोटी-कणकुंबीकडच्या शेतघरातून, कधी निपाणीकडच्या माळावरून. "चक्की फिरायलीया, पण बॅटरी भरंना." नाहीतर, "लई आवाज करायलीया ओ." पाना-मीटर घेऊन जावं तर चुका त्याच. माणसं तेवढी नवीन.

सोलरचा चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरी किती भरायची ते सांभाळणारा डबा, चक्कीला लावणं, ही त्यातली सगळ्यात महागात पडणारी. बॅटरी भरली की सोलरचा कंट्रोलर पॅनेलची जोडणी तोडतो. पॅनेलचं काही बिघडत नाही, ते उन्हात गप्प पडून राहतं. चक्कीचं तसं नाही. करंट ओढला जातोय तोवरच पाती आवरलेली असतात. भार सुटला की जू निसटलेल्या गाडीसारखी ती उताराला लागते, व्होल्टेज चढतं आणि कंट्रोलरही जळतो.

जांबोटीच्या पुढं एका निवृत्त गुरुजींचं शेतघर आहे. भाच्यानं दोन दिवसांत चक्की उभी केली होती, पात्यांचा व्यास 2 मीटर, बॅटरी 24 व्होल्टची. पोरगा हुशार, पण घाई फार. डंप लोड, म्हणजे जादा वीज जिरवणारा भार, कुठाय म्हणून विचारलं तर म्हणाला, "त्याशिवाय चालतंय की वो मामा, सोलरचा कंट्रोलर हाय न्हवं!" आषाढातली दुपार, मी इन्व्हर्टरच्या अर्थिंगचं काम करत होतो. घरात चालू काय, तर एक पंखा. बॅटरी भरली, कंट्रोलरनं चक्की सोडली. आधी गिरणीसारखी घरघर, मग शिट्टी, मग कानात खिळा घुसावा तसा आवाज. भाचा ओरडला, "एमसीबी पाडू काय?" पाडून काय उपयोग? भार आधीच सुटला होता, त्यात आणखी काय तोडणार? मी गुरुजींना हाताला धरून गोठ्याच्या पलीकडं नेलं. तेवढ्यात एक पातं तुटलं, कौलं फोडून खाली आलं ते सरळ भाताच्या कणगीत. उरलेल्या दोन पात्यांनी खांब असा हलवला की त्याला धरून ठेवणाऱ्या एका ताणाची तार खुंटीसकट उपटली. माणूस कुणी सापडलं नाही, एवढंच नशीब.

चक्की कायम बॅटरीला जोडलेली हवी, आणि बॅटरी भरल्यावर जादा करंट डंप लोडमध्ये वळवणारा कंट्रोलर हवा. तो भार चक्कीच्या कमाल करंटपेक्षा मोठाच घ्या. इथंही शहाणे भेटतात. जुन्या गिझरची 230 व्होल्ट, 2 किलोवॉटची कॉइल 24 व्होल्टवर जोडून ठेवतात. हिशेब केला तर ती जेमतेम 22 वॉट खाते. एक दिवा फार तर. 28 व्होल्टला 1 किलोवॉट जिरवायचा तर पाऊण ओहमच्या आसपासचा जाड नायक्रोम रेझिस्टर लागतो, तोही लाकडी फळीपासून लांब, जाळीच्या आत.

माझी सवय अशी की खांबाच्या बुडाशी ब्रेकचा स्विच बसवल्याशिवाय मी पाती चढवतच नाही. चक्कीतून येणाऱ्या तिन्ही फेजच्या तारा एकमेकांना जोडल्या की चक्की जड होऊन थांबते. पण स्विच टाकायचा तो वारा मंदावल्यावर. भर वादळात टाकलात तर वाइंडिंग, म्हणजे चक्कीच्या जनरेटरमधली तांब्याची गुंडाळी, जळायची भीती.

दुसरं दुखणं उंचीचं. "आमचं घर टेकावर हाय, कौलावर चार फूट पाइप लावला की झालं." नाही होत. कौलावर, झाडाच्या शेंड्याजवळ वारा भोवऱ्यात सापडतो, चक्की डोकं फिरल्यागत चारी दिशांना वळत राहते आणि वर रात्रभर वाशातून घुमघुम ऐकत झोपायचं. शंभर-दीडशे मीटरच्या आत जे सगळ्यात उंच झाड किंवा घर असेल, त्याच्यापेक्षा पात्याचं खालचं टोक 10 मीटर वर हवं. निलगिरी शेजारी असेल तर ती वाढणार, हेही धरा.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ताकद आठपट होते. 2 मीटर व्यासाच्या चक्कीला सेकंदाला 5 मीटर वाऱ्यात पन्नासेक वॉट मिळतात, 10 मीटर वाऱ्यात चारशेच्या वर. पाटीवरचा 1 किलोवॉट हा जोरदार वाऱ्यातला आकडा, तुमच्या परसातला नाही. पैसे वाचवायचेच तर चक्की लहान घ्या, खांब आखडू नका. मी आधी उंच बांबूला जुन्या साडीच्या पट्ट्या हातभर अंतरानं बांधतो आणि पावसाळ्यात दोन-तीनदा जाऊन बघतो. पट्टी सरळ आडवी उडाली तर जागा बरी, फडफडून बांबूलाच गुंडाळली तर अजून वर. एवढा धीर नसेल त्यानं सोलरच घ्यावं. खरं तर दोन्ही हवीत. आषाढ-श्रावणात ऊन नसतं तेव्हा वारा असतो, दिवाळीनंतर नुसत्या चक्कीवर घर चालवणं अवघड.

बाकीच्या चुका झटपट सांगतो. काळ्या मातीत ताणाची खुंटी वरवर गाडू नका. ती माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, मुरूम लागेतोवर खणा. ताणाच्या तारेला यू-क्लॅम्प लावताना खोगीर, म्हणजे नटांखालचा जाड तुकडा, ताण घेणाऱ्या तारेवर, यू मोकळ्या टोकावर. डीसीला घरातला एसीचा एमसीबी चालत नाही. 1 किलोवॉट 24 व्होल्टवर नेला तर 42 अँपिअर, 48 वर 21, आणि त्याच तारेतलं नुकसान चौथाई, म्हणून खांब लांब असेल तर 48च. खांबाला आणि ताणांना अर्थिंग वळवाच्या विजा सुरू होण्याआधी.

आणि केबल. चक्की वाऱ्यासोबत वळते तशी खांबातली तार पीळ खाते. मी बुडाशी प्लग ठेवतो, सहा महिन्यांनी काढून पीळ सोडवतो. आधी ब्रेक, मग प्लग. गुरुजींच्या भाच्यानं आता ब्रेकच्या स्विचवर लाल रंगानं "आधी मी" असं लिहून ठेवलंय.