चित्राने लेखापर्यंत न्यावे : खान्देशात सोशल मीडिया ग्राफिक्सचे काम सुरू करणाऱ्यांसाठी

जळगाव, भुसावळ, धुळे या भागांत ग्राफिक डिझाइनकडे वळणाऱ्या बहुतेक तरुणांची पहिली शाळा म्हणजे फ्लेक्सचे दुकान असते, आणि माझीही तीच होती. कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरवर वाढदिवसाचे, सत्काराचे, कानबाईच्या उत्सवाचे बॅनर करता करता हात बसतो, रंगांची भीती जाते आणि ग्राहक समोर उभा असताना काम हातावेगळे करण्याची सवय लागते. ही शिदोरी पुढे उपयोगी पडते. परंतु एखाद्या ब्लॉगवरील लेखाकडे वाचक आणण्यासाठी जेव्हा चित्र करावे लागते, तेव्हा तिच्यातील बराच भाग बाजूला ठेवावा लागतो. चौकातला फ्लेक्स पाहिला गेला की त्याचे काम झाले. लेखासाठी केलेले चित्र मात्र नुसते पाहिले जाऊन, त्याला पसंतीचा अंगठा मिळून आणि पुढे पाठवले जाऊनही निरुपयोगी ठरू शकते, कारण पाहणाऱ्याने लिंकवर बोट ठेवले नाही तर लेख तिथेच पडून राहतो. खाद्यपदार्थ, शेती आणि स्थानिक भटकंती या विषयांवर लिहिणाऱ्यांसाठी मी हे काम करतो, आणि त्यातून जे हाती लागले ते नवख्यांच्या उपयोगाचे वाटते म्हणून मांडत आहे.

भरताचे उदाहरण घेतो, कारण ते आपल्याकडे प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर येईल. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि हिवाळा आला की त्यावर लिहिणाऱ्यांची कमतरता नसते. लेखिकेने लेख पाठवला, सोबत तयार भरताचे ताटातले छायाचित्र पाठवले आणि शीर्षक दिले, ‘खान्देशी भरीत : पारंपरिक पाककृती’. आता भरीत खायला कितीही सुरेख असले तरी मोबाइलच्या पडद्यावर, अंगठ्याएवढ्या चौकटीत, तो एक हिरवट-करडा गोळा दिसतो. तो भरताचा आहे की पिठल्याचा हे कळत नाही. याउलट कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळात करपत असलेले, साल फाटून वाफ सोडणारे वांगे कितीही लहान करून दाखवले तरी ओळखू येते. म्हणून ताटाऐवजी जाळाचे छायाचित्र घेतले. शीर्षकाचा विचार त्यानंतर केला. लेख बारकाईने वाचल्यावर दिसले की त्यातला सर्वांत मोलाचा परिच्छेद गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती धुरकट चव का येत नाही आणि ज्यांच्या घरी चूल नाही त्यांनी काय करावे, याविषयीचा होता. चित्रावर मजकूर एवढाच ठेवला : ‘गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव का येत नाही?’ पुण्या-मुंबईत राहणाऱ्या खान्देशी माणसाला हा प्रश्न दर हिवाळ्यात पडतो, आणि ज्याला तो पडतो तो लेख उघडतो. येथे एक अट आहे, ती म्हणजे उत्तर लेखात खरोखर असले पाहिजे आणि वाचकाला ते शोधत खालपर्यंत जावे लागता कामा नये. त्यामुळे तो परिच्छेद वर घेण्याची विनंती मी लेखिकेला केली. चित्र करणाऱ्याने लेखात लुडबुड करू नये असे मानणारे अनेक आहेत. मला ते पटत नाही, कारण चित्राने दिलेला शब्द पाळण्याची जबाबदारी शेवटी लेखावर येते.

शेतीविषयक लेखांचे गणित थोडे वेगळे आहे. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातील केळी उत्पादक जेव्हा पानांवर डाग पाडणाऱ्या करप्यावरचा किंवा आपण ज्याला हरण्या म्हणतो त्या सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूजन्य रोगावरचा लेख उघडतो, तेव्हा त्याच्या मनात आपल्याच बागेतले एक पान असते आणि ते तो चित्रातील पानाशी ताडून पाहत असतो. अशा वेळी सजावट, हसरा शेतकरी, उगवता सूर्य यांपैकी काहीही नको. रोगट पानाचे जवळून घेतलेले, स्पष्ट छायाचित्र हवे. त्या छायाचित्राचे रंग खुलवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. करप्याची सुरुवातीची पिवळसर रेघ, पुढे तपकिरी होणारा ठिपका आणि त्याचा करडा मध्यभाग हीच ओळखीची खूण असते. फिल्टर लावून पान हिरवेगार केले की चित्र देखणे होते आणि लक्षण खोटे होते. दोन रोगांची पाने शेजारी शेजारी ठेवून ‘तुमच्या बागेत यांपैकी कोणते?’ एवढे विचारले तर वाचक थांबतो, असा माझा वारंवार आलेला अनुभव आहे.

चित्रावर प्रश्न ठेवून उत्तर लेखात देण्याच्या नियमाला केळीच्या भावाचे चित्र मात्र अपवाद मानावे. आजचा भाव चित्रावर न लिहिता ‘आजचा भाव पाहण्यासाठी येथे दाबा’ असे लिहिणे ही शेतकऱ्याची थट्टा आहे. भाव चित्रावरच ठळक द्यावा आणि त्या चित्राकडून वाचकसंख्येची अपेक्षा करू नये. त्यातून विश्वास मिळतो, आणि तोच माणूस पुढे करप्याच्या लेखावर येतो.

आता देवनागरी अक्षरांकडे येतो. या कामात मराठी डिझायनरची खरी कसोटी येथेच लागते, आणि याविषयी परभाषेतील शिकवण्यांत फारसे काही सापडत नाही. रोमन लिपीसाठी ठरलेले ओळींमधील अंतर देवनागरीला पुरत नाही, कारण वरच्या ओळीचे उकार खाली लोंबत असतात आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार, अनुस्वार वर चढत असतात. ‘कुरकुरीत’ या शब्दाखाली ‘मिर्ची’ आली की दोघे एकमेकांत अडकतात. अक्षराच्या आकाराच्या सुमारे दीडपट अंतर धरून सुरुवात करावी आणि मग डोळ्यांनी पाहून ते कमी-जास्त करावे. दोन अक्षरांमधील अंतर वाढवण्याची इंग्रजी शीर्षकांतली लकब मराठीत अजिबात चालत नाही. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. फ्लेक्सवर शोभणारी जाड बाह्यरेषा लहान पडद्यावर ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘द्ध’ यांच्या पोटातील मोकळी जागा बुजवून टाकते, म्हणून ती सोडून द्यावी आणि अक्षर उठून दिसावे यासाठी त्यामागे सपाट रंगाची पट्टी द्यावी.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत मराठी मजकूर टाकल्यावर जोडाक्षरे फुटून हलन्त दिसू लागतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाते. त्यावर उपाय म्हणजे प्रेफरन्सेसमधील टाइप विभागात दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडणे आणि परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करणे. डीटीपीच्या दुकानातून आलेला मजकूर बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतो. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व उपकरणांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरपद्धतीत, रूपांतरित करून घ्यावा आणि रूपांतरानंतर पुन्हा वाचावा, कारण रूपांतरात ‘र्‍या’ आणि ‘ऱ्ह’ हमखास बिघडतात. फॉन्टसाठी पैसे खर्चण्याची सुरुवातीला गरज नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले मुक्त आणि बलू, इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद, तसेच मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ देणारा टिरो देवनागरी मराठी हे गूगल फॉन्ट्सवर खुल्या परवान्यात मिळतात आणि ग्राहकाच्या कामातही विनाशुल्क वापरता येतात. एका चित्रात दोनांहून अधिक फॉन्ट मी वापरत नाही.

आकारांविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते कुठेही सापडतात. लिंक पाठवली की तिच्यासोबत आपोआप उमटणारे चित्र, ज्याला ओपन ग्राफ चित्र म्हणतात, ते १२०० × ६३० पिक्सेलचे करावे. इन्स्टाग्रामसाठी १०८० × १३५०, स्टोरी आणि स्टेटससाठी १०८० × १९२०, आणि पिंटरेस्टसाठी १००० × १५०० हे आकार धरावेत. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवरील चौरस चौकटी २०२५ मध्ये उभट झाल्या, त्यामुळे जुन्या शिकवण्यांतील चौरसाचा आग्रह आता सोडावा. फेसबुकच्या जाहिरातीत चित्राचा वीस टक्क्यांहून अधिक भाग मजकुराने व्यापू नये हा नियमही २०२० मध्येच निघून गेला, तरी आपल्याकडील प्रशिक्षण वर्गांत तो अजून सांगितला जातो. तो नियम नसला तरी चित्रावर सात-आठ शब्दांपेक्षा अधिक लिहू नये हे माझे मत कायम आहे.

खान्देशातील लेख प्रामुख्याने व्हॉट्सॲपवरून फिरतात, म्हणून ओपन ग्राफ चित्रावर सर्वाधिक वेळ द्यावा. व्हॉट्सॲप काही वेळा हे चित्र आडवे, पूर्ण दाखवते, तर काही वेळा लिंकशेजारी लहान चौरसात, दोन्ही बाजू कापून दाखवते. त्यामुळे मुख्य वस्तू आणि मुख्य शब्द मधल्या ६३० × ६३० च्या चौरसात बसतील असे पाहावे आणि कडेला केवळ पार्श्वभूमी ठेवावी. फाइल जड असेल तर चित्र उमटतच नाही. मी ती तीनशे केबीच्या आत ठेवतो. व्हॉट्सॲपवरील हे चित्र पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होऊन संदेशासोबत जाते, त्यामुळे एकदा गेलेल्या संदेशातील चित्र मागाहून बदलता येत नाही. लेख प्रसिद्ध करण्याआधी स्वतःलाच लिंक पाठवून पाहण्याची सवय यासाठी लावून घ्यावी. फेसबुकवर जुने चित्र अडकून बसले असेल तर त्याच्या शेअरिंग डीबगरमधून ते ताजे करून घेता येते.

छपाईतून आलेल्यांनी फाइल सीएमवायके या छपाईच्या रंगपद्धतीऐवजी आरजीबी या पडद्याच्या रंगपद्धतीत करावी, एवढे सांगणे पुरे. रंगांच्या विरोधाविषयी मात्र आपल्या उन्हाचा विचार करायला हवा. मे महिन्यात जळगावच्या शेतात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना शेतकरी जो पडदा पाहतो, त्यावर फिकट पिवळ्या पट्टीवरची पांढरी अक्षरे नाहीशी होतात. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजेडाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे असे सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात, ते मोजणारी साधने विनामूल्य मिळतात. साधन नसेल तर चित्र कृष्णधवल करून पाहावे.

छायाचित्रांसाठी विनामूल्य संग्रहांवर फार विसंबू नये. त्यांत शेवभाजी म्हणून जे सापडते ते कुठल्या तरी उत्तर भारतीय रश्शाचे वाटीभर चित्र असते, आणि खान्देशी वाचक ते पहिल्या नजरेत ओळखून लेखकालाच परका ठरवतो. संगणकाकडून तयार करून घेतलेल्या चित्रांत केळीच्या घडाची फळे बऱ्याचदा उलट्या दिशेला वाकलेली असतात, आणि केळी पिकवणाऱ्यासमोर असे चित्र ठेवणे म्हणजे हसे करून घेणे. त्यापेक्षा खिडकीजवळ एक स्टूल ठेवून आपल्या मोबाइलवर काढलेले छायाचित्र कितीतरी बरे. ज्यांना याची गोडी लागेल त्यांनी चाळीसगावला जाऊन केकी मूस यांचे कलादालन पाहावे. साध्या वस्तू टेबलावर मांडून त्यांतून दृश्य उभे करण्याची त्यांची टेबलटॉप छायाचित्रणाची हातोटी आपल्या कामाला आजही सरळ लागू पडते.

बोलीचा वापर जपून करावा. चित्रावर ‘खान्देशनं भरीत’ असे अहिराणीत लिहिले की अमळनेर, पारोळा, धुळे या भागांतील गटांत ते चित्र आपुलकीने फिरते. पण रावेर-यावलकडे लेवा गणबोली बोलली जाते आणि तिथल्या वाचकाला हे शब्द आपले वाटतीलच असे नाही. शिवाय शोधणारा माणूस गूगलवर प्रमाण मराठीतच शब्द टाकतो. म्हणून बोली चित्रावर आणि प्रमाण मराठी लेखाच्या शीर्षकात, अशी वाटणी मी करतो.

चित्राने वाचक आणले की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेला वाचक गूगल ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे संकेतस्थळावरील वाचक मोजणाऱ्या साधनात, बहुधा ‘डायरेक्ट’ या खात्यात जमा होतो, म्हणजे तो कुठून आला याचा पत्ता लागत नाही. यासाठी लिंकच्या शेवटी यूटीएम खुणा, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारे शब्द, जोडाव्यात : स्रोत व्हॉट्सॲप, माध्यम स्टेटस किंवा गट, मोहिमेच्या जागी लेखाचे नाव. एकाच लेखासाठी दोन चित्रे केली असतील तर दोघांच्या लिंकांना वेगळी खूण द्यावी. इन्स्टाग्रामच्या पोस्टखाली लिहिलेली लिंक दाबता येत नाही. ती प्रोफाइलवर ठेवावी लागते किंवा स्टोरीत स्टिकर म्हणून द्यावी लागते, आणि हे स्टिकर २०२१ पासून सर्वांना खुले आहे. पसंतीचे आकडे आणि लेखावर आलेल्यांचे आकडे शेजारी मांडले की ग्राहकाशी होणारे अर्धे वाद मिटतात. सणाच्या शुभेच्छांचे चित्र पसंतीत पहिले येते आणि वाचकांच्या रकान्यात शेवटी. ते करू नये असे मी म्हणत नाही, त्याचा हिशेब वेगळा ठेवावा एवढेच.

काम मिळवताना नुसती सुंदर चित्रे दाखवण्यापेक्षा एका लेखाची जुनी आणि नवी चित्रे, त्यांमागचे कारण आणि त्यानंतरचे आकडे असे दोन-तीन नमुने दाखवावेत. कामाचा दर एकेका चित्रावर न लावता पूर्ण लेखावर लावावा, म्हणजे लिंकचे चित्र, पोस्ट आणि स्टोरी असा एक संच. त्यात किती दुरुस्त्या समाविष्ट आहेत हे आधीच लिहून द्यावे. चित्रावरील मजकूर ग्राहकाकडून लेखी मंजूर करून घ्यावा, कारण शुद्धलेखनाची चूक असलेले चित्र मूळ चित्रापेक्षा वेगाने फिरते. मूळ फाइल द्यायची की नाही, हेही सुरुवातीलाच ठरवावे.

आणि फोटोचा प्रश्न येतोच. ग्राहक म्हणतात, “भाऊ, कोपऱ्यात आमचा फोटो आणि मोबाइल नंबर टाका ना.” अशा वेळी तोंडावर नकार देऊ नये. “अण्णा, फोटो लेखाच्या शेवटी, तुमच्या परिचयासोबत मोठा लावू. चित्रावर टाकला तर वांगे लहान होईल, आणि लोक वांग्यासाठी येणार आहेत,” असे मी सांगतो, आणि तरीही त्यांनी आग्रह धरलाच तर दोन्ही चित्रे वेगवेगळ्या खुणांच्या लिंकांसह पाठवून आठवडाभराने आकडे त्यांच्यासमोर ठेवतो.